श्रीवर्धनच्या घराच्या खिडक्या आणि सोलापूरचा साग

जुन्या घराच्या खिडक्या बदलायचे ठरले की घरमालक आधी दुकान गाठतो, नमुना पसंत करतो आणि मग माप घ्यायला माणूस घरी येतो. समुद्रकाठच्या घराच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. आधी प्रत्येक खिडकी उघडून, ठोकून, टोचून पाहावी, तिचा नेमका कोणता भाग गेला आहे ते ठरवावे आणि तेवढाच भाग बदलावा. अख्खी खिडकी काढण्याची वेळ फार थोड्या ठिकाणी येते. सोलापुरात राहून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करताना माझे हे मत बनत गेले होते, आणि मामांच्या श्रीवर्धनच्या घराचे काम हाती घेतल्यावर ते पक्के झाले.

सोलापूर आणि श्रीवर्धन या दोन गावांच्या खिडक्यांची कामे मुळातच वेगळी आहेत. आमच्याकडे वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलीमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो. म्हणून गावभागातल्या जुन्या घरांना काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर माळवद (मातीचे सपाट छत) आणि भिंतीत खोल बसवलेल्या लहानशा खिडक्या असतात. दुपारी त्या लावून घ्यायच्या आणि रात्री उघडायच्या, एवढीच अपेक्षा. श्रीवर्धनला पाऊस आमच्या किमान चौपट पडतो, तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो आणि हवेतली आर्द्रता चार महिने खाली उतरत नाही. तिथल्या खिडकीने आडवा पाऊस अडवला पाहिजे आणि त्याच वेळी घरातली दमट हवा वाहतीही ठेवली पाहिजे. ही दोन्ही कामे जमावीत म्हणूनच कोकणातल्या जुन्या खिडकीला वर दोन आणि खाली दोन अशा चार झडपा असतात. पाऊस आडवा असेल तेव्हा खालच्या लावून घेतात आणि वरच्या, वळचणीच्या आडोशाला असल्यामुळे, उघड्या ठेवतात.

मामांचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे, चुन्यात बांधलेले, वर मंगलोरी कौले. शंभरी ओलांडलेल्या या घराच्या साऱ्या खिडक्या सागाच्या आहेत. त्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात, असे मामेभावांचे म्हणणे होते आणि त्यासाठी एका कारागिराकडून दरपत्रकही मागवून झाले होते. सल्ल्यासाठी फोन सोलापूरला आला तेव्हा मी सर्वांत आधी मामींना विचारले की तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पावसाळ्यात झडपा फुगतात, त्या ओढून लावताना आता हातात तेवढे बळ उरलेले नाही. आणि संध्याकाळी खिडकी उघडी ठेवली की डास येतात. खिडक्या जुन्या दिसतात अशी त्यांची तक्रार नव्हती. पुढच्या सगळ्या कामाची दिशा या दोन वाक्यांनी ठरली, कारण फुगणारी झडप आणि डास या दोन्हींवर अख्खी खिडकी न काढता उपाय करता येतो.

आमचे सुतारमिस्त्री सोलापूरचेच. त्यांना घेऊन श्रीवर्धनला गेलो आणि आम्ही प्रत्येक खिडकीची तपासणी केली. पटाशीचे टोक लाकडात दाबून पाहायचे, ही त्यांची साधी पद्धत. टोक अडले तर लाकूड जिवंत, आत गेले तर कुजलेले. चौकटीचे उभे भाग आणि वरचा आडवा भाग जवळपास सगळीकडे ठणठणीत निघाला. पटाशी आत गेली ती बहुतेक खिडक्यांत एकाच जागी: चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात, जिथे लोखंडी गज रोवलेले असतात तिथे.

ही जागा नीट समजून घेण्यासारखी आहे. पावसाचे पाणी गजावरून ओघळत खाली येते आणि गज ज्या भोकात बसवलेला असतो त्यात मुरते. त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. गज भोकातच फुगू लागतो, त्याच्या जोराने लाकूड रेषेच्या दिशेने चिरते, त्या चिरेतून आणखी पाणी आत शिरते आणि मग बुरशी आपले काम सुरू करते. मिस्त्रींनी एक गज कापून वर ओढला तेव्हा त्याचे मधले अंग अंगठ्याएवढे होते आणि भोकातले टोक पापुद्रे सुटून जवळजवळ दुप्पट झाले होते. वरचे लाकूड मात्र इतके निरोगी होते की रंधा मारल्यावर त्यातून सागाचा तेलकट वास आला. दोष गजाचा आणि अडून राहिलेल्या पाण्याचा असताना सागाची चौकट काढून टाकणे मला पटणारे नव्हते.

खाऱ्या हवेचा परिणाम पावसाळ्यातच होतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात पावसाळ्यात क्षार धुऊन तरी जातात. दिवाळीनंतर पाऊस नसतो, समुद्रावरून येणारा मिठाचा सूक्ष्म तुषार कडी-कोयंड्यांवर आणि बिजागऱ्यांवर साचत राहतो, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे दिसायला कोरडा असलेला धातूही पातळशा खाऱ्या थराखाली भिजलेलाच असतो. म्हणूनच आमच्याकडे पंधरा-वीस वर्षे टिकणारी साधी लोखंडी बिजागरी तिथे चार-पाच वर्षांत गंजून घट्ट बसते.

आता ॲल्युमिनियमविषयी. हा धातू लोखंडासारखा गंजत नाही हे खरे आहे, आणि चांगल्या जाडीचे ॲनोडायझिंग (धातूवर चढवलेला संरक्षक थर) केलेला माल किनाऱ्यावरही टिकतो. अडचण येते ती कापलेल्या कडांशी आणि स्क्रूंशी. पावडर कोटिंग, म्हणजे भाजून बसवलेला भुकटीचा रंग, कारखान्यात होते आणि पट्ट्या जागेवर कापल्या जातात, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात एक उघडी कड राहते आणि क्षार तिथून कोटिंगच्या खाली शिरतो. त्यात साधे लोखंडी स्क्रू वापरले की दोन वेगळे धातू आणि मधे खारे पाणी अशी जोडी जमते आणि स्क्रूभोवती ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागते. यूपीव्हीसीला, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्यांना, क्षाराचे भय नाही, हा त्याचा मोठा गुण मी मान्य करतो. पण त्याला ताकद येते ती आत घातलेल्या लोखंडी पट्टीमुळे, आणि त्याच्या कड्या, चाके, स्क्रू हे सगळे धातूचेच असतात. शिवाय त्याच्या पट्ट्या जाड असतात. मामांच्या घरातल्या जेमतेम तीन फूट रुंदीच्या खिडकीत तशी चौकट आणि झडप बसवली तर दोन्ही बाजूंची मिळून वीतभर तरी जागा जाते, आणि खिडकी सरकती असेल तर उरलेल्या जागेतलीही निम्मीच उघडते. दमट गावात निम्मी हवा घालवणे मला परवडणारे वाटत नाही. कपाटातल्या कपड्यांना आणि गाद्यांना येणारी बुरशी हा तिथे रोजचा प्रश्न आहे.

सरकत्या खिडकीविषयी आणखी एक गोष्ट आकड्यांत मांडतो, कारण मामेभावांचे मन तिने वळले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यातच किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता आणि झोत त्याहून जास्त होते. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र इमारतींच्या भारतीय मानकात दिलेले आहे: वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. ताशी ११० किलोमीटरसाठी उत्तर येते दर चौरस मीटरला सुमारे ५६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ५७ किलो वजनाएवढा दाब. हा दाब पाण्याला ५७ मिलीमीटर, म्हणजे सव्वादोन इंच, वर चढवू शकतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी साचते आणि त्या खाचेची आतली कड सहसा इंचभर उंच असते. अशा वाऱ्यात पाणी ती कड ओलांडून घरात येणार, यात कारागिराचा काहीच दोष नाही. साध्या पावसाळी वाऱ्यात ही खिडकी चालेल, पण घर वादळाच्या वाटेवर आहे हे २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिले आहे.

त्या वादळात श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. मामांच्याही घराची कौले गेली, पण लाकडी झडपा आतून अडणा (आडवा दांडा) घालून लावलेल्या होत्या आणि त्यांतली एकही उघडली नाही. याला महत्त्व आहे. वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली की वारा घरात कोंडतो आणि छपराला आतून वर ढकलतो, त्याच वेळी बाहेरून वाहणारा वारा छपराला वर ओढत असतो. दोन्ही जोर एकाच दिशेने लागले की छप्पर राहत नाही. त्यामुळे समुद्राकडची झडप ही छपराच्या सुरक्षिततेचाही भाग आहे, आणि ती काढून तिथे नुसती काच लावू नये असे मी आग्रहाने सांगेन.

दुरुस्तीच करायची हे ठरल्यावर लाकडाचा प्रश्न आला. पाडलेल्या वाड्यांचे सागवान सोलापुरातल्या जुन्या लाकडाच्या वखारींत मिळते. तुळया, दांडे, चौकटी असा तो माल असतो. हळू वाढलेल्या झाडाचा हा साग असतो, त्याच्या वार्षिक रेषा दाट असतात. नव्या, लवकर तोडलेल्या सागात बाहेरचा पांढरट भाग बराच येतो. तो वाळवीला आणि बुरशीला तग धरत नाही, त्याला कितीही पॉलिश केले तरी. आम्ही जुन्या तुळयांमधून फक्त गाभ्याचे लाकूड निवडले.

पण हे लाकूड सोलापूरच्या हवेत सुकलेले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे लाकडातले पाण्याचे प्रमाण सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरते. तेच लाकूड कोकणच्या पावसाळ्यात सोळा-अठरा टक्क्यांवर जाते. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, तरीही ओलावा एक टक्का वाढला की आडव्या चिरेच्या, म्हणजे वार्षिक रेषा रुंद बाजूला समांतर येतील अशा कापलेल्या, फळीची रुंदी साधारण ०.२ टक्के वाढते. दोन झडपांच्या चार उभ्या पट्ट्या प्रत्येकी तीन इंचांच्या धरल्या तर एकूण तीनशे मिलीमीटर रुंदीचे लाकूड होते आणि ते पावसाळ्यात पाच-सहा मिलीमीटर फुगते. सोलापुरात अगदी नेमकी बसवून नेलेली झडप जुलैत श्रीवर्धनला उघडणारच नाही. मामींच्या झडपा ओढूनही न लागण्याचे हेच कारण होते. त्या वर्षानुवर्षांच्या तेलरंगाच्या थरांनी आधीच जाड झाल्या होत्या, फुगायला जागाच उरली नव्हती. म्हणून लाकूड नुसते कापून श्रीवर्धनला पाठवले, तिथल्या पडवीत मधे पट्ट्या घालून काही आठवडे रचून ठेवले आणि मगच रंधले. शक्य तिथे उभ्या चिरेच्या, म्हणजे रेषा रुंद बाजूला काटकोनात येणाऱ्या, फळ्या घेतल्या, कारण त्या जवळपास निम्म्याच फुगतात. जुन्या झडपांवरचा रंग पूर्ण खरवडून काढला आणि दोन झडपांच्या मधे व कडेला पावसाळ्याचा हिशेब करून फट ठेवली. उन्हाळ्यात ती फट डोळ्यांना दिसते. मधल्या फटीवर एक लाकडी पट्टी झडपेलाच ठोकलेली असते, त्यामुळे वारा-पाणी आत येत नाही.

चौकटीच्या खालच्या लाकडाचे काम सर्वांत जिकिरीचे होते. जिथे कूज बाजूच्या उभ्या लाकडात चढली होती तिथे निरोगी लाकडापर्यंत तिरपा छेद घेतला, तसाच तिरपा छेद दिलेला नवा तुकडा जोडला आणि सांध्यात सागाच्याच खुंट्या मारल्या. छेद तिरपा घेताना त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला, म्हणजे सांध्यात पाणी गेले तरी बाहेर येते. खालचे आडवे लाकूड नवीन घातले, त्याची वरची बाजू बाहेरच्या दिशेने उतरती केली आणि खालून, कडेपासून अर्धा इंच आत, लाकडाच्या पूर्ण लांबीची एक खाच मारली. या खाचेमुळे थेंब लाकडाच्या पोटाखालून भिंतीकडे न सरकता तिथेच खाली पडतो. गजांची भोके आरपार ठेवली. पाणी आत गेले तर खाली निघून जाईल. गज ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ प्रतीवर समुद्रकाठी चहाच्या रंगाचे डाग पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्षाराला तोंड देते ते तेच. दुकानदाराकडून बिलावर प्रत लिहून घ्यावी, कारण दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात.

बिजागऱ्या पितळी होत्या आणि बहुतेक सगळ्या पुन्हा वापरता आल्या. त्यांच्यासाठी पितळी स्क्रूच लागतात, आणि ते जुन्या, कडक सागात थेट पिळले की मान मोडते. मिस्त्रींची पद्धत अशी: आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा आणि पितळी स्क्रूला मेण लावून हलक्या हाताने बसवायचा. एका बिजागरीला यात तिप्पट वेळ जातो. तो वेळ देणारा कारागीर मिळणे हीच आज खरी अडचण आहे आणि खर्चाचा मोठा वाटाही मजुरीचाच असतो.

चौकटीची जी बाजू भिंतीला टेकते ती पुन्हा कधी दिसत नाही आणि सर्वांत आधी तीच कुजते. तिला काजूच्या टरफलाचे तेल दोन हात लावले. किनाऱ्यावर हे तेल होड्यांच्या लाकडालाही लावतात. ते कातडीला लागले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच काम करावे. चौकट आणि चिरा यांच्यातली फट चुन्याने भरली. इथे सिमेंट किंवा फोम भरण्याची आता प्रथा पडली आहे आणि जांभ्याच्या घरात तरी ती मोडली पाहिजे. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो, चुना त्याला तसे करू देतो. सिमेंट कडेने चिरते, त्या चिरेतून पाणी घेते आणि ते पाणी लाकडाच्या पाठीशी कोंडून ठेवते.

काही खिडक्या मात्र पूर्ण बदलाव्याच लागल्या. न्हाणीघराकडच्या भिंतीतल्या दोन चौकटी वाळवीने आतून पोकळ केल्या होत्या, वरून फक्त रंगाचा पापुद्रा उभा होता. त्या जुन्या मापाने, जुन्याच रचनेने नव्या केल्या. माडीवरच्या वरच्या झडपांत पूर्वीपासून काचेची तावदाने आहेत. फुटलेल्या तावदानांच्या जागी जाड, दोन पदरांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेली (लॅमिनेटेड) काच घातली, कारण ती फुटली तरी जागेवर चिकटून राहते. घरामागे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेली एक काँक्रीटची खोली आहे, भाच्यांना तिथे वातानुकूलन हवे होते. तिला मी स्वतःच यूपीव्हीसीची, दाराप्रमाणे उघडणारी आणि रबरावर घट्ट बसणारी खिडकी सुचवली. त्या भिंतीला श्वास घ्यायचा नाही आणि त्या खोलीला हवा बंदच ठेवायची आहे, तेव्हा तिथे तेच योग्य. डासांसाठी प्रत्येक खिडकीला आतून काढता-घालता येणारी हलकी सागवानी चौकट केली आणि तिच्यात स्टेनलेसची बारीक जाळी ताणली. मामींना या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोगी ठरली ती ही जाळीच.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. तिथे दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. सोलापुरात भुईकोट किल्ल्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे ठाऊक आहे, कोकणातही किल्ल्यांलगतच्या घरांनी आधी चौकशी करावी.

रंगकाम एप्रिलमध्ये सुरू करून मृगाच्या आधी संपवले. ओल्या लाकडावर रंग दिला की त्याला फोड येतात, त्यामुळे पावसाळ्यानंतर घाई करण्यात अर्थ नाही. तावदाने पक्की बसवायची लांबी (पुट्टी) खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून घरीच केली. जवस आमच्या जिल्ह्यात चटणीसाठी घरोघर असतो, त्याचे घाण्याचे तेल मी सोलापूरहून नेले होते. ही लांबी आठवडा-दोन आठवडे मऊ राहते, तिच्यावर साय धरेपर्यंत रंग लावायचा नाही. बाजारातली लांबी लवकर कडक होते, पण लाकूड हलले की सुटते.

आता घरच्यांकडे राहिलेले काम थोडे आहे पण ते चुकवून चालणार नाही. दिवाळीपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा गज, कड्या आणि बिजागऱ्या गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायच्या, मृगाआधी बिजागऱ्यांना तेल घालायचे आणि गजांच्या भोकांत काडी घालून ती मोकळी आहेत का ते पाहायचे. समुद्राकडच्या खिडक्यांचा रंग तीन-चार वर्षांनी आणि बाकीच्यांचा त्याहून उशिरा द्यावा लागेल, आणि दर वेळी जुना थर घासून काढूनच नवा द्यायचा आहे, नाही तर ठेवलेली फट पुन्हा भरून जाईल.